लोकरीचा मूषक आणि एकवीस मोदक

श्रावण लागला की आपल्या घराघरांतून दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. देवघरात कहाण्यांचे वाचन आणि माजघरात गौरी-गणपतीच्या आराशीचे बेत. या बेतांत अलीकडे एका नव्या कामाची भर पडली आहे. क्रोशाच्या सुईने लोकरीचे अथवा सुती दोऱ्याचे मोदक विणावयाचे, जास्वंदीची फुले विणावयाची, आणि त्यांच्यामध्ये एक गुबगुबीत उंदीरमामा बसवून त्याचे तोरण मखरावर लावावयाचे. मूषकाच्या पुढच्या दोन पायांत एक मोदक, शेपटी वेटोळ्याची, कान गुलाबी. पाहणारा हसतो, लहान मुले तर तेथून हलत नाहीत.

हे हसणेच काही मंडळींना खटकते. उत्तररंग आटोपून आरती झाली, बुक्का लावून झाला, की माझ्यापाशी येऊन कोणी तरी आजीबाई विचारतात, "बुवा, देवापुढे ही खेळणी मांडलेली चालतात का हो?" आणि त्यांच्या मागे उभी असलेली सून माझ्या तोंडाकडे पाहत असते. प्रश्न लहान दिसतो. परंतु त्या सुनेने महिनाभर दुपारची झोप मोडून ते काम केलेले असते आणि त्या आजीबाईंनी पन्नास वर्षे त्या देव्हाऱ्याचे पावित्र्य सांभाळलेले असते. दोघींचाही मान राहील असे उत्तर द्यावयाचे, तर विषयाचा थोडा विचार करावयास हवा.

पार्थिव गणेशाची पूजा सोळा उपचारांची. आवाहन, आसन, पाद्य येथपासून मंत्रपुष्पापर्यंत. त्यांत मखर नाही, तोरण नाही, रोषणाईही नाही. पत्री, दूर्वा, फुले, गंध, धूप, दीप, नैवेद्य हे सारे खरे लागते. लोकरीची दूर्वा वाहून चालणार नाही आणि दोऱ्याचा मोदक नैवेद्याच्या पानात ठेवता येणार नाही. दारावर आंब्याचा टाळा बांधावयाचा तो बांधलाच पाहिजे. विणलेले तोरण त्याच्या जागी येत नाही, त्याच्या शेजारी येते. पूजा आणि आरास यांतील हा भेद एकदा ध्यानात घेतला की निम्मा वाद मिटतो. पूजा विधीने होते. आरास कौतुकाने होते.

आणि कौतुक आपल्या परंपरेत कधी वर्ज्य होते? चैत्रगौरीची आरास पाहा. कलिंगडाचे कमळ, काकडीची बदके, डाळीच्या वाटीवर बसविलेली फुले आणि पुढे चैत्रांगणात काढलेली चंद्र-सूर्य-कासवे. गोमंतकात गणपतीच्या माथ्यावर माटोळी बांधतात. तीत रानातील आणि बागेतील फळे, शेंगा, कंदमुळे टांगतात, आणि हौशी मंडळी त्या फळांतूनच नाना आकृती उभ्या करतात. दिवाळीत मुले किल्ला करतात. बाळकृष्णाला थंडीत लोकरीचा झबला आणि टोपडे घालणारी घरे आजही पुष्कळ आहेत. आमच्या पंढरपुरास कार्तिकी वारी झाली, प्रक्षाळपूजा झाली, की पुढे थंडीच्या दिवसांत पांडुरंगास उबदार वस्त्रे चढतात, कानांवरून कानपट्टी बांधली जाते. विश्वाचा जो स्वामी, त्याचे कान थंडीने गारठतील ही चिंता शास्त्रातून आलेली नाही, ती मायेतून आलेली आहे. ज्या भक्तीला देवाच्या कानांची काळजी, तिला देवाच्या वाहनाचे दोन गुलाबी कान विणावेसे वाटले तर त्यात नवल कोणते?

दोऱ्याचे काम देवापुढे नवे आहे, हेही खरे नव्हे. कापसाची वस्त्रे, गेजवस्त्रे आपल्या आजी-पणजींनीच केली. दुधाचे बोट लावून कापूस ओढावयाचा, मधून मधून मणी धरावयाचे, कुंकवाची बोटे उमटवावयाची. सोळा उपचारांतील एका उपचाराची ही पूर्ती प्रत्येक घरी बायकांच्या बोटांनी होत आली आहे. वातींचेही तेच. चातुर्मासात लक्ष वाती वळण्याचा संकल्प करणाऱ्या स्त्रिया पुराण ऐकता ऐकता वाती वळीत. (क्रोशाचे तसे नाही. टाके मोजणाऱ्या बाईचे लक्ष आख्यानात राहत नाही, हे मी व्यासपीठावरून पुष्कळदा पाहिले आहे. कीर्तनास येताना सुई घरी ठेवून यावी, ही प्रेमाची सूचना.)

लोकर सोवळ्यात चालते काय, अशीही शंका निघते. धाबळी नेसून स्वयंपाक करणाऱ्या पिढीला ही शंका आली नसती. रेशीम आणि लोकर यांना आपल्या आचारात मान आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धी सांगताना रेशमी व लोकरी वस्त्रांसाठी खारी माती आणि विशिष्ट कांबळ्यांसाठी रिठे सांगितलेले आहेत. आपल्या घरातील लोकरी वस्त्र आजही रिठ्याच्या पाण्यात धुणे उत्तम, हा व्यवहार त्या ग्रंथाइतकाच जुना आहे. मात्र बाजारात लोकर म्हणून रंगीबेरंगी लडी विकतात, त्या बहुधा मेंढीच्या नसतात. ॲक्रिलिक नावाचा तो कृत्रिम धागा असतो. आराशीला तो चालेल. सोवळ्याची चर्चा त्याच्याविषयी करण्याचे कारण नाही. माझे मत विचाराल तर शुद्ध सुती दोरा सर्वांत बरा. तो धुता येतो, टिकतो, आणि त्यात टाका स्पष्ट उठून दिसतो.

कोणी म्हणतात, ही कला परकी. नाव परके आहे, यात शंका नाही. फ्रेंच भाषेत आकड्याला जो शब्द आहे, त्यावरून ते पडले. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडात १८४५ पासून बटाट्याचे पीक बुडून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा याच सुईने तेथील कितीतरी कुटुंबांना अन्न मिळवून दिले. त्याच शतकात मिशनऱ्यांनी ही विद्या गोदावरीच्या मुखाकडील नरसापूरच्या परिसरात शिकविली. तेथील हजारो स्त्रियांनी ती आपलीशी केली आणि २०२४ साली नरसापूरच्या क्रोशाच्या लेसला भौगोलिक मानांकनही मिळाले. जी गोदावरी आमच्या त्र्यंबकेश्वरी उगम पावते, तिच्याच काठी ही कला रुजली. आपल्याकडे ती मुलींच्या शाळांतील शिवणकामाच्या तासांतून घरी आली आणि थाळपोस, रुमाल, रेडिओवरचे आच्छादन या रूपाने दिवाणखान्यात मिरवू लागली. तिला देव्हाऱ्यापर्यंत यावयास थोडा उशीर झाला, इतकेच.

आता मूषकाकडे वळू. ‘मूषक’ हा शब्द ‘मुष्’ या धातूपासून आला आहे. त्याचा अर्थ चोरणे. धान्य चोरणारा तो मूषक. गणेशपुराणातील कथा वाचकांस ठाऊक असेलच. क्रौंच नावाचा गंधर्व ऋषीच्या शापाने मूषक झाला आणि पराशरांच्या आश्रमात जाऊन त्याने असा उच्छाद मांडला की धान्य उरेना, वस्त्रे उरेनात, झाडांची मुळेसुद्धा त्याने कुरतडली. तेव्हा गजाननाने आपला पाश टाकला. तो पाश मूषकाच्या गळ्यात पडला आणि त्या क्षणापासून चोर होता तो वाहन झाला. गजाननाने त्याला मारले नाही. फास टाकून जवळ ओढले आणि पाठीवर बसण्याची कृपा केली.

आता सुई हाती घ्या. लोकरीचा मूषक कोठून सुरू होतो? एका सरकफासातून. दोऱ्याचा एक सैल फास बोटावर घ्यावयाचा, त्यात सहा मुके खांब घालावयाचे, आणि दोऱ्याचे टोक ओढले की फास आवळून मध्यभागीचे छिद्र नाहीसे होते. मुका खांब म्हणजे टाक्यातून दोरा काढून दोन फेरे एकत्र ओढून घेतलेला आखूड टाका. या फासाच्या जागी मूषकाचे नाक येते. तेथून एकेक फेरी तीन-तीन टाके वाढवीत जावे. सहाचे नऊ, नवाचे बारा, असे करीत चोवीस झाले की तोंडाचा निमुळता आकार आपोआप साधतो. पुढे आठ फेऱ्या न वाढविता सरळ विणाव्यात. हे पोट झाले. मग दोन-दोन टाके एकत्र घेऊन दर फेरीस सहा टाके कमी करीत चोविसाचे अठरा, अठराचे बारा, बाराचे सहा करावे आणि शेवटचे तोंड बंद करण्यापूर्वी सरकी काढलेला स्वच्छ कापूस आत भरावा. फेऱ्या गोलाकार, अखंड चालतात, त्यामुळे फेरी कोठे सुरू झाली हे कळत नाही. पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवावा आणि दर फेरीस तो वर घ्यावा. शेपटीसाठी तीस साखळ्या घालून परतताना प्रत्येक साखळीत दोन-दोन टाके घातले की ती स्वतःच वेटोळे घेते. डोळ्यांना काळे मणी शोभतात, पण घरात रांगते मूल असेल तर मणी नकोत. काळ्या दोऱ्याने डोळे भरावेत. मूल मणी तोंडात घालते.

मोदकाचे टोक वर असते, म्हणून तो टोकापासून सुरू करावा. सरकफासात सहा टाके. दुसरी फेरी सहाचीच, म्हणजे टोक उंच राहते. मग बारा, अठरा, चोवीस, तीस. तीन फेऱ्या सरळ. नंतर त्याच पायऱ्यांनी खाली उतरून कापूस भरून तळ बंद करावा. खरी गंमत पुढे आहे. लांब सुईत पांढरा दोरा ओवून टोकापासून बाहेरून तळापर्यंत आणावा, तळातून आत घालून पुन्हा टोकाशी काढावा आणि हलकेच ओढावा. असे आठ वेळा केले की उकडीच्या मोदकाला सुगरण ज्या कळ्या पाडते, तशाच कळ्या या मोदकाला पडतात. दोरा फार ओढला तर मोदकाचा भोपळा होतो, हे आधीच सांगून ठेवतो. सरावलेल्या हातास एका मोदकास तास-सव्वा तास लागतो. नागपंचमीस आरंभ केला तर चतुर्थीपर्यंत जवळजवळ एक महिना हाती असतो. रोज एक धरला तरी एकवीस होऊन मूषकासाठी आठवडा उरतो. नागपंचमीस चिरणे-कापणे वर्ज्य असते, म्हणून त्या दिवशी पहिला मोदक विणावा आणि दोरा दुसऱ्या दिवशी कापावा.

या कामाचा एक विशेष माझ्यासारख्या पोथीत डोके घातलेल्या माणसास फार भावतो. कापडात ताणा वेगळा, बाणा वेगळा. क्रोशात मात्र एकच दोरा, एकच सुई. आरंभापासून अखेरपर्यंत तोच धागा स्वतःतूनच फिरत आकार घेतो, आणि शेवटची गाठ मारण्यापूर्वी टोक ओढले तर सारा मूषक उसवून पुन्हा गुंडा होतो. मुंडक उपनिषदात सृष्टीच्या उत्पत्तीला कोळ्याचा दृष्टांत दिला आहे. कोळी आपल्यातूनच तंतू बाहेर सोडतो आणि आपल्यातच ओढून घेतो, तसे अक्षर ब्रह्मातून हे विश्व होते. कोळ्याला संस्कृतात ‘ऊर्णनाभ’ म्हणतात. ऊर्णा म्हणजे लोकर, जिच्या नाभीत लोकर आहे तो. नातवंडांना हा दृष्टांत समजावून सांगावयाचा असेल तर अर्धवट विणलेला मूषक उसवून दाखवावा. मुले आधी हळहळतील, मग विचारतील, ‘गेला कोठे?’ तेथून पुढचे निरूपण आजीने करावे.

टाके मोजावे लागतात, तेव्हा नामस्मरण कसे होईल, असे एका भगिनीने विचारले होते. मी तिला जनाबाईच्या गोवऱ्यांचे आख्यान सांगितले. गोवऱ्या कोणाच्या यावर भांडण जुंपले, आणि कबीराने कानाशी धरून पाहिले तेव्हा जनाबाईच्या गोवऱ्यांतून विठ्ठलनामाचा ध्वनी उमटला. जनाबाई आणि कबीर यांच्या काळांचा मेळ इतिहासाच्या हिशेबात बसत नाही, तो बसवू नये. आख्यान आख्यानाच्या जागी शोभते. पण निवाडा करावयास कथाकाराने एका विणकरालाच बोलावले, हे मला अर्थपूर्ण वाटते. हाताच्या कामात नाम कसे मुरते, हे त्याला ठाऊक. एक-दोन-तीनच्या जागी राम-कृष्ण-हरी म्हणत गेले तर तीन-तीनची वाढही चुकत नाही, असे त्या भगिनीने मला पुढे सांगितले.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी हा विषय घेतला, ती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका घरी गौरीपूजनाच्या दिवशी सायंकाळी माझे कीर्तन होते. त्या घरात एक आत्याबाई राहत असत. चाळिशीतच वैधव्य आलेले, तेव्हापासून भावाच्या आणि पुढे भाच्याच्या घरी. घरातल्या प्रत्येकाच्या गळ्यात थंडीत त्यांच्या हातचा मफलर. गौरीच्या दिवशी मात्र त्यांची जागा स्वयंपाकघरात. त्या वर्षी भाचेसुनेने त्यांच्यापुढे लोकरीच्या लडी ठेवल्या आणि आत्याबाईंनी एकवीस मोदकांचे तोरण आणि मधोमध असा खट्याळ मूषक विणला की गल्लीतली मुले तो पाहावयास येत. तोरण गौरींच्या वर लागले. दुपारी घरातील एका वडीलधाऱ्या बाईंना ते कोणाच्या हातचे हे कळले आणि त्यांनी ते उतरविण्यास सांगितले. घर गप्प झाले. मी पोहोचलो तेव्हा भाचेसून स्टुलावर चढलेली होती.

मला विचारले गेले, म्हणून मी बोललो. मी विचारले, "आज नैवेद्याचे पुरण कोणी शिजविले?" उत्तर मिळाले, "आत्याबाईंनी. सोवळ्यात." मग मी म्हणालो, "ज्या हाताचा नैवेद्य गौरी जेवल्या, त्या हाताचे तोरण त्यांच्या माथ्यावर का नको?" आजवर किती घरांतील सोवळ्याचा स्वयंपाक अशाच आत्याबाईंनी, मावशींनी, काकूंनी केला! देवाच्या पानाला तो हात चालला आणि देवाच्या शोभेला मात्र चालेना, हा न्याय कोणत्या शास्त्राचा? पार्थिव गणेशपूजेचे विधी मी आयुष्यभर सांगत आलो आहे. मखराला अमुक स्त्रीने हात लावू नये असे वचन त्यांत नाही. ही रूढी आहे, आणि रूढी माणसे मोडू शकतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामपंचायतीने विधवांसंबंधीच्या अवमानकारक प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरविण्यास सांगितले. एका गावाने जे केले, ते एका घराने करावयास हरकत कोणती?

तोरण राहिले. भाचेसून स्टुलावरून खाली उतरली. संध्याकाळच्या हळदीकुंकवाला मात्र आत्याबाई बाहेर आल्या नाहीत. दाराआडून त्या मुलांचे हसणे ऐकत होत्या. पुढच्या वर्षी त्यांनी जास्वंदीचा हार विणला आणि तो गौरीपुढे त्यांनी स्वतः ठेवला, असे मला कळले.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. समई, निरांजन, धूप यांच्यापासून विणलेली आरास हातभर तरी दूर असावी. आरतीचे तबक ज्या वाटेने फिरते, तेथे तोरण लोंबता कामा नये. कृत्रिम धागा आचेने वितळून चिकटतो आणि भाजले तर कातडीलाच चिकटतो. सुती धागा पेट घेतो. दोन्ही वाईटच.

२०१८ साली महाराष्ट्रात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून विणलेल्या आराशीचे आकर्षण वाढले, हे चांगले झाले. पण कृत्रिम लोकर हीदेखील प्लॅस्टिकचीच बहीण आहे. ती पाण्यात जाऊ नये. विसर्जनास निघण्यापूर्वी, उत्तरपूजा झाल्यावर, मखरावरील आणि मूर्तीजवळील विणलेली प्रत्येक वस्तू काढून घ्यावी. निर्माल्याच्या पिशवीत एकही लोकरीचे फूल जाता कामा नये. दरवर्षी नवे तोरण हवे, शेजारणीपेक्षा मोठे हवे, अशी चढाओढ तर मुळीच नसावी. ज्या घरी विणणारे कोणी नाही, त्यांनी विणणाऱ्या बाईकडून विकत घ्यावे आणि दिलेल्या दामात घासाघीस करू नये. तासाभराच्या मोदकाची किंमत आपण कशी ठरविणार?

उंदीरमामा देवाबरोबर का गेला नाही, असे मुले विचारतात. मातीचा मूषक मूर्तीच्या पायाशी असतो, तो गणपतीबरोबर गावाला जातो, आणि लोकरीचा मागे राहून घर सांभाळतो, असे आमच्या घरी सांगतात.

अनंतचतुर्दशीनंतर तोरण कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसाने हलकेच धुवावे, पिळू नये. पंचात गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत पसरून वाळवावे. दोरीवर टांगले तर ओल्या कापसाच्या भाराने मोदक लांबट होतात. आतला कापूस पुरता वाळावयास दोन-तीन दिवस लागतात, घाई केली तर कुबट वास येतो. खऱ्या लोकरीला कसर लागते, म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला सुती फडक्यात बांधून डब्यात ठेवावा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा बदलावा. डब्यात उरलेल्या दोऱ्याचा एक लहान गुंडाही असू द्यावा. उंदराचा कान पुढच्या श्रावणापर्यंत सुटतोच.